हप्ता, विसार आणि मोटारीचा विमा

गणेशोत्सवात एकदा आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि खुर्च्या उचलण्याच्या गडबडीत एक तरुण जोडपे माझ्यापाशी आले. पुण्याहून येऊन दोघांना जेमतेम चार महिने झाले होते. ती इथल्या रुग्णालयात डॉक्टर, तो संगणकाच्या क्षेत्रातला, पण अजून नोकरीच्या शोधात. रात्रपाळी संपवून घरी यायला बस नाही, म्हणून त्यांनी जुनी मोटार घेतलेली. "काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मोटारीचा विमा महिन्याच्या हप्त्यानं आणि सुरुवातीला डिपॉझिट न भरता कुठे मिळेल? घराचं डिपॉझिट आणि मोटार यांतच सगळी शिल्लक संपली."

जरा घुटमळून त्याने दुसरा प्रश्न विचारला. "काका, विमा तुमच्या नावावर काढला आणि आमची नावं नुसती जोडली तर? स्वस्त पडेल म्हणतात."

मी त्यांना रविवारी चहाला बोलावले. घरी परतताना मात्र मन पन्नास वर्षे मागे गेले. १९७४ साली बर्मिंगहॅमला आलो तेव्हा हाच प्रश्न मी एका विमा दलालाच्या कचेरीत विचारला होता. टेबलापलीकडच्या गृहस्थाने माझे नाव दोनदा विचारून घेतले, जन्मस्थान विचारले आणि जो आकडा सांगितला तो माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. तसाच अनुभव असलेला मित्र मला म्हणाला, "इथे विमा नुसता मोटारीचा नसतो, माणसाचाही असतो." त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला बरीच वर्षे गेली. त्या काळात जे वाचले आणि ऐकले ते आज सगळ्यांसमोर मांडतो, कारण हा प्रश्न दरवर्षी नव्या चेहऱ्याने येतो.

सक्ती कुठून आली

या देशात मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १९३०च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने. १ जानेवारी १९३१पासून तो लागू झाला. त्यापूर्वी ज्याला परवडेल तो विमा काढी. गाडीखाली सापडलेला माणूस न्यायालयात दावा जिंकला तरी गाडीवाल्याकडे पैसे नसले तर निकालाचा कागद घेऊन तो रिकाम्या हाताने घरी जाई. १९३० साली ब्रिटनमधल्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली, आणि तीही वाहने आजच्या मानाने फारच थोडी असताना. गंमत अशी की ज्या कायद्याने विमा सक्तीचा केला त्यानेच मोटारींवरची ताशी वीस मैलांची जुनी वेगमर्यादाही काढून टाकली.

ही सक्ती मोटारवाल्याच्या भल्यासाठी नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. ती होती रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी, म्हणूनच 'थर्ड पार्टी' हा शब्द. पुढची दुरुस्तीही त्याच दिशेने झाली. विमा न काढलेल्या गाडीने कोणाला उडवले तर त्याला भरपाई मिळावी म्हणून विमा कंपन्यांनी १९४६ साली मोटर इन्शुरर्स ब्यूरो स्थापन केला. त्याचा खर्च निघतो तो विमा काढणाऱ्यांच्याच प्रीमियममधून. गाडीत बसलेल्या प्रवाशांसाठीची सक्ती तर १९७२च्या डिसेंबरात आली.

आपल्याकडचा कायदा याच घराण्यातला. हिंदुस्थानचा मोटार वाहन कायदा १९३९चा, आणि त्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. पण एक फरक महत्त्वाचा आहे. भारताच्या विमा कायद्यात १९६८च्या दुरुस्तीने ६४ व्हीबी हे कलम आले. प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करायचीच नाही, असा त्याचा सारांश. म्हणून आपल्याकडे मोटारीचा विमा म्हणजे वर्षाचे सगळे पैसे आधी, हीच सवय. शेतात पेरणी आधी आणि पीक नंतर, तसे.

इंग्लंडमध्ये सरकारने विमा सक्तीचा केला, पण विकण्याचे काम खाजगी कंपन्यांवर सोडले. जी वस्तू घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही तिची किंमत बाजार ठरवणार. एकरकमी पैसे नसलेल्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. ते बाजाराने दिले, आणि बाजाराच्या पद्धतीने दिले.

सात दिवसांचा हप्ता

'हप्ता' हा शब्द फारसीतला. 'हफ्त' म्हणजे सात, आणि सात दिवसांचा तो हप्ता. आठवड्याला द्यायच्या रकमेलाही तेच नाव पडले, मग महिन्याच्या, मग विम्याच्या. मुंबईत त्याला आणखी एक अर्थ आहे, तो आपल्याला माहीत आहेच.

इंग्लंडात विम्याचा हप्ता शब्दशः सात दिवसांचाच होता. १८४८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्रुडेन्शियल कंपनीने १८५४पासून कामगारवर्गासाठी आठवड्याला काही पेनी भरण्याचा आयुर्विमा सुरू केला. कंपनीचा माणूस दारोदार फिरून पेनी गोळा करी आणि वहीत खूण करी. गरिबाला निदान अंत्यविधीचे पैसे जमवता आले, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू अशी की दारोदार गोळा करण्याचा खर्च मोठा, आणि तो शेवटी पेनी देणाऱ्याच्याच माथी. शिवाय काम सुटले, आजारपण आले, चार आठवडे हप्ता चुकला की विमा बंद आणि आधी भरलेले बहुतेक बुडाले. १९४२च्या अहवालात सर विल्यम बेव्हरिज यांनी या धंद्यावर कडक टीका केली ती याच कारणांनी. जो थोडे थोडे भरतो त्याला एकूण जास्त भरावे लागते, हा अनुभव मोटारीपेक्षा जुना आहे.

स्वस्त विम्याचे दोन धडे

मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या त्या १९५० आणि १९६०च्या दशकांत. जुन्या कंपन्या आपसात दर ठरवून घेत. त्या वर्तुळाबाहेर राहून कमी दराने विमा विकणाऱ्या नव्या कंपन्या निघाल्या आणि लोकांची झुंबड उडाली. त्यातलीच एक फायर, ऑटो अँड मरीन. १९६३ साली ती काढली सिलोनमध्ये जन्मलेल्या एमिल सवुंद्र यांनी. दर फारच कमी, दावे देण्यात मात्र दिरंगाई, आणि कंपनीचा पैसा भलतीकडे वळवलेला. १९६६ साली ती कोसळली आणि लाखो मोटारवाल्यांच्या हातातली विमापत्रे एका दिवसात रद्दी झाली. १९६७ साली डेव्हिड फ्रॉस्ट यांनी दूरदर्शनवर सवुंद्र यांची घेतलेली मुलाखत जुन्या लोकांना अजून आठवते. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली.

दुसरा धडा व्हेइकल अँड जनरल कंपनीचा. १९७१च्या मार्चमध्ये ती बुडाली तेव्हा सुमारे दहा लाख मोटारवाले विम्याविना उरले. सरकारी चौकशीत व्यापार खात्याच्या देखरेखीवरही ठपका आला. मी आलो तेव्हा कारखान्यातले सहकारी अजून त्याबद्दल तावातावाने बोलत. त्यानंतर १९७५ साली पॉलिसीहोल्डर्स प्रोटेक्शन ॲक्ट झाला. कंपनी बुडाली तरी सक्तीच्या विम्याचे दावे पूर्ण मिळावेत, अशी सोय त्यात होती. २००१पासून हे काम फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीमकडे आहे.

हे जुने किस्से आज सांगण्याचे कारण आहे. फोनवरच्या संदेशांतून 'डिपॉझिट नाही, निम्म्या दरात विमा' असे सांगणारे दलाल आजही भेटतात, आणि नव्याने आलेली माणसे त्यांची नेमकी गिऱ्हाइके. इथले लोक त्यांना 'घोस्ट ब्रोकर' म्हणतात. ते कधी बनावट कागद देतात, कधी खोटी माहिती भरून खरी पॉलिसी काढतात आणि लगेच रद्द करून परतावा खिशात घालतात. बिचाऱ्या मोटारवाल्याला हे कळते ते पोलिसाने गाडी थांबवल्यावर. सवुंद्र यांची निदान कचेरी तरी होती.

कोणाला महाग

आता माझ्या मित्राच्या वाक्याकडे येतो. १९६७ साली पीईपी या संशोधन संस्थेने वंशभेदावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी एक इंग्रज, एक हंगेरीचा आणि एक वेस्ट इंडियन अशी माणसे, बाकी परिस्थिती सारखी ठेवून, नोकरी, घर आणि मोटारीचा विमा मागायला पाठवली. तिन्ही ठिकाणी काळ्या माणसाला वेगळी वागणूक मिळाली. विम्याच्या बाबतीत कुठे नकार, कुठे चढा दर. १९६५च्या पहिल्या वंशसंबंध कायद्यात हॉटेले, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागाच होत्या. १९६८च्या कायद्यात नोकरी आणि घर यांच्याबरोबर बँक, विमा आणि कर्जही आले. या बदलामागे त्या अहवालाचा मोठा हात होता.

कायदा झाला म्हणजे वागणे एका दिवसात बदलते असे नाही, हे मी १९७४ साली अनुभवलेच. आज कंपन्या वंश विचारत नाहीत. विचारतात तो पत्ता, व्यवसाय, इथला परवाना किती वर्षांचा, दावा न केलेली वर्षे किती. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण कंपनीच्या हिशेबात तो माणूस नवशिक्याच्या जवळपास. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दहा वर्षे बिनअपघात गाडी चालवलेल्या माणसाला नवशिका म्हणावे, याहून मोठा विनोद नाही! असो. मार्च २०२२मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने दाखवले की गौरेतर लोक मोटारीच्या विम्यासाठी वर्षाला सरासरी २५० पौंड जास्त भरतात. कारण काहीही असो, पन्नास वर्षांपूर्वीचा तो चढा आकडा पुरता गेलेला नाही.

टेलिफोन, बँक आणि व्याज

मासिक हप्ता सोपा झाला तो यंत्रामुळे. १९६४ साली डायरेक्ट डेबिटची पद्धत सुरू झाली. ती प्रथम वापरली युनिलिव्हरने, आइसक्रीमची विक्री वसूल करायला! दारावर येणाऱ्या प्रुडेन्शियलच्या माणसाची जागा बँकेच्या संगणकाने घेतली. १९८५ साली क्रॉयडनमध्ये डायरेक्ट लाइन सुरू झाली आणि दलालाच्या कचेरीत न जाता टेलिफोनवर विमा मिळू लागला. माझे नाव दोनदा विचारणारे टेबल त्या दिवशी माझ्यापुरते संपले. २००२पासून दरांची तुलना करणारी संकेतस्थळे आली. या सगळ्यामुळे विमा घेणे सोपे झाले, पण हप्त्याचे मूळ स्वरूप बदलले नाही.

ते स्वरूप असे की विमा वर्षाचा असतो. वर्षाची रक्कम कंपनी किंवा तिच्याशी जोडलेली वित्तसंस्था आपल्याला उसनी देते आणि आपण ती व्याजासह फेडतो. म्हणजे हप्त्याने विमा घेणे हे कर्ज आहे. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टमुळे व्याजाची खरी वार्षिक टक्केवारी, म्हणजे एपीआर, छापावी लागू लागली.

'डिपॉझिट' शब्दानेही आपला घोटाळा होतो. आपल्या कानाला ती अनामत वाटते, घर सोडताना परत मिळणारी. इथला विम्याचा डिपॉझिट म्हणजे खरे तर विसार. किमतीचाच पहिला मोठा भाग, परत न मिळणारा. तो मागण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. जोखीम पहिल्या दिवशी सुरू होते. पूर्वी मोटारीचा कर भरून चकती घ्यायला विम्याचा दाखला लागे. काही जण एक हप्ता भरून दाखला मिळवत, चकती काचेला चिकटवत आणि पुढचे हप्ते थांबवत. अशा गिऱ्हाइकापासून बचाव म्हणून विसार.

मग 'बिनडिपॉझिट' म्हणजे काय? समजा विमा ६०० पौंडांचा आणि व्याज उसन्या रकमेवर सरसकट दहा टक्के.

एकरकमी भरले तर ६०० पौंड.

१२० पौंड विसार देऊन उरलेले ४८० दहा हप्त्यांत फेडले तर महिना ५२ पौंड ८० पेन्स, एकूण ६४८.

विसार न देता बारा समान हप्ते केले तर महिना ५५, एकूण ६६०. त्यातला पहिला ५५चा हप्ता सुरुवातीलाच द्यावा लागतो.

म्हणजे 'काहीच न भरता' असे नसते. पहिल्या दिवशी १२०ऐवजी ५५ जातात आणि त्याबद्दल वर्षाअखेर १२ पौंड जास्त पडतात. 'दहा टक्के' हा आकडाही फसवा. आपण दर महिन्याला मुद्दल परत करत असतो, म्हणून दोन्ही पद्धतींत खरा एपीआर तेवीस टक्क्यांच्या पुढे जातो. ऑक्टोबर २०२४मध्ये फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने या धंद्याची चौकशी सुरू केली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हे दर वीस ते तीस टक्क्यांच्या घरात असल्याचे तिनेही नमूद केले.

भिशी आणि पतसंस्था

एकरकमी पैसे नसतील तर दुसरा मार्ग नाही का? आमच्या वेळी आठ मराठी घरांनी मिळून भिशी लावली होती. महिन्याला दहा पौंड, आणि ज्याचा विमा किंवा विमानाचे तिकीट जवळ आले त्याचा नंबर आधी. व्याज नाही, कागद नाही. बायकांच्या हातात हिशेब होता म्हणून कधी चुकला नाही.

हे फक्त आपणच केले असे नाही. कॅरिबियन मंडळींची अशीच पद्धत होती, तिला ते 'पार्डनर' म्हणत. बँका दारात उभे करत नाहीत म्हणून त्यांनीच पुढे होऊन १९६४ साली लंडनच्या हॉर्न्सी भागात क्रेडिट युनियन काढली. ब्रिटनमधल्या पहिल्या काही पतसंस्थांपैकी ती एक. १९७९ साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. आजही गावोगाव अशा पतसंस्था आहेत. तिथे महिना एक टक्क्याने कर्ज मिळाले तर एपीआर होतो सुमारे १२.७, म्हणजे विम्याच्या हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या कर्जातून विमा एकरकमी भरायचा आणि हप्ते पतसंस्थेला द्यायचे. हा हिशेब निदान करून पाहावा.

रविवारचा चहा

रविवारी दोघे आले. सौ.ने थालीपीठ केले होते. आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. गाडी मुख्यतः जो चालवतो त्याच्याच नावावर विमा हवा. माझ्या नावावर काढून तिने रोज चालवणे ही इथे फसवणूक समजली जाते, तिला 'फ्रंटिंग' म्हणतात. अपघात झाला की कंपनी ते पहिल्यांदा तपासते. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडल्यास परवान्यावर सहा पॉइंट, ३०० पौंड दंड आणि गाडी जप्त होऊ शकते. इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षे झाली नसतील तर सहा पॉइंटांत परवानाच जातो. प्रकरण न्यायालयात जाऊन दोषी ठरले तर ती नोंद पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही लिहावी लागते. तो गप्प झाला. "काका, आम्हाला वाटलं हे सगळेच करतात," एवढेच म्हणाला.

मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. त्यांना आलेला दर १२०० पौंडांचा, म्हणजे वरचे सगळे आकडे दुप्पट. बाराही हप्ते बिनडिपॉझिट घेतले तर १२० पौंड व्याज. पतसंस्थेचे कर्ज मिळायला वेळ लागणार, आणि रात्रपाळी तर सोमवारपासून. मी उसने देऊ केले. तिने नम्रपणे नाही म्हटले, आणि मला ते आवडले.

शेवटी त्यांनी बिनडिपॉझिटचा विमाच घेतला, पण डोळे उघडे ठेवून. कंपनीचे नाव फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या नोंदवहीत पाहिले. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन दिवसांची ठेवली, कारण एक हप्ता चुकला तर पॉलिसी रद्द होऊ शकते आणि 'तुमची पॉलिसी कोणी रद्द केली होती का?' हा प्रश्न पुढे प्रत्येक कंपनी विचारते. वर्षाच्या मध्येच दावा केला तर उरलेले सगळे हप्ते देणे लागते, हेही वाचून घेतले. पुण्याच्या कंपनीकडून दावा न केल्याचे पत्र मागवले, कारण कुठली कंपनी ते मानेल ते विचारल्याशिवाय कळत नाही. आणि नवऱ्याला नोकरी लागली की महिन्याला शंभर पौंड वेगळ्या खात्यात टाकायचे ठरले, म्हणजे पुढच्या वर्षीचा विमा एकरकमी.

हप्ता घेणे म्हणजे गुन्हा नव्हे, त्याची किंमत माहीत असावी इतकेच. निघताना तिने विचारले, "काका, तुमची ती भिशी अजून आहे का?" आठांपैकी तीन घरे भारतात परतली, दोघे देवाघरी गेले. भिशी कधी बंद पडली ते आठवतही नाही. पण तिचा प्रश्न मनात राहिला. मंडळात दरवर्षी अशी दहा-बारा नवी घरे येतात, आणि त्या प्रत्येक घराला पहिल्या वर्षी हाच आकडा दिसतो. पुन्हा भिशी सुरू करायला ज्यांची तयारी असेल त्यांनी पुढच्या सभेनंतर जरा थांबावे. हिशेबाची वही सौ.कडे अजून आहे.